आडवा बंब

मालकांनी आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे राखेची पिशवी कचऱ्याच्या जागेवर नेऊन ठेवणं. त्यानंतरची एक सकाळ सोडली तर मी त्यांना दोनदाच पाहिलं, पण तेव्हा ते दवाखान्यात आडवे होते, नाकात नळी, आणि मी नुसता खुर्चीवर बसून आलो. ते मी धरत नाही.

रविवार होता, संध्याकाळचे पाच-साडेपाच. तोक्योच्या ओजिमा भागात आम्ही राहायचो. वरच्या मजल्यावर मी आणि माझा मुलगा भाड्याने, खाली मालकांचा दाते कापायचा कारखाना. दाते म्हणजे यंत्राच्या चाकांचे. आम्ही तिघेही काळेठिक्कर झालो होतो, कारण त्याच दुपारी आमची गाडी चढ चढली होती! वाफेची गाडी, पोटाखाली दात्यांचं चाक असलेली, डोंगर चढणारी, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी केलेली! ती कशी चढली ते सांगायला जीव नुसता उतावीळ झालाय, पण राख आधी.

तिकडे कचऱ्याचे वार असतात. जळणारा कचरा एका वारी, न जळणारा दुसऱ्या वारी, आणि ठेवायचा तोही सकाळीच. आदल्या संध्याकाळी ठेवला की समोरच्या इमारतीतली एक बाई खिडकीतून बघायची आणि सपाता अडकवून खाली यायची. पण मालकांना सकाळ नव्हती. गाडी चढली की दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं, असं त्यांनी लेकीला कबूल केलं होतं. छातीत खराबी निघाली होती.

बाई आलीच. मुलगा मागे बादली घेऊन उभा होता, तो हसू दाबत मला एकेक वाक्य सांगत होता.

"काय आहे हे?"

"राख."

"उद्या जळणाऱ्या कचऱ्याचा वार आहे."

"मग बरोबर आलोय. हे जळलेलं आहे."

"जळलेलं म्हणजे जळणारं नव्हे! काडी लावून दाखवा, जळतं का."

मालक खरोखर विचारात पडले. पिशवीत डोकावले. "दुपारी जळत होतं," म्हणाले.

"दुपारचं मला काय सांगता?"

मी मुलाला म्हटलं, "अरे, तिला सांग, आमच्यात राखेने भांडी घासतात. चाळून घे म्हणावं, पितळ आरशासारखं निघतं." त्याने सांगितलं. बाईने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, वर गेली आणि वर्तमानपत्राचा कागद घेऊन खाली आली. दोन ओंजळी राख तिने बांधून नेली! उरलेली तिथेच ठेवू दिली. मालकांनी पिशवीकडे बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "योशी!"

हे त्यांचं सतत चालायचं. योशी म्हणजे ठीक, झालं. तिकडची रेल्वेची माणसं सिग्नलकडे बोट दाखवून असं मोठ्याने बोलतात. मालक रेल्वेत कधी नव्हते, पण सवय तीच. गॅस बंद केला की गॅसकडे बोट, योशी. कुलूप, योशी. सदऱ्याची बटणं एकेक करून, योशी, योशी, योशी. एकदा मला शिंक आली, ती पुरी होईपर्यंत थांबले आणि माझ्या नाकाकडे बोट केलं.

आता माझं सांगतो, थोडक्यात. मी तांबट. पुण्यात कसब्यात आमची आळी, तिथे जन्म, तिथेच हातोडा हातात आला. शाळा सातवीत सुटली, ती मी सोडली की तिने मला, ते जाऊ द्या. बायको गेली आणि आठ महिन्यांनी मुलगा मला जपानात घेऊन आला. येताना हातोडा आळीतच ठेवला. मनात म्हटलं, झालं आता, कुणासाठी ठोकायचं?

मुलगा सकाळी सातला ऑफिसला जायचा. मी खिडकीत बसून विजेच्या तारा मोजायचो. पंधरा दिवस असे गेले आणि एका सकाळी खालून आवाज आला. तांबं! कुणीतरी तांब्याचा पत्रा ठोकत होतं. मला तो आवाज झोपेतही कळतो. मऊ तांबं धप्प बोलतं. ठोकत गेलं की कडक होतं आणि टण्ण बोलायला लागतं. टण्ण बोललं की थांबायचं, लाल तापवायचं, पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. हा माणूस थांबतच नव्हता. टण्ण, टण्ण, टण्ण. मी वर बसून ओरडलो, "अरे तापव की मूर्खा!" आणि पत्रा चिरल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तेच. नवा पत्रा, तीच टण्ण टण्ण, तीच चीर. तिसऱ्या दिवशी मी लेंगा-बंडीवरच जिना उतरलो.

कारखान्याच्या दाराला जाड कॅनव्हासचा पडदा होता. मी आत शिरलो तसा एक ठेंगणा, टकला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस धावत आला आणि माझ्यामागे तो पडदा सर्रकन ओढून घेतला. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून त्याने आ केला. मला कळेना. मीही आ केला. त्याने माझे दात मोजले! बोटाने, एकेक. वरचे तीन नाहीत तिथे थांबला आणि मान हलवून म्हणाला, "दामे." दामे म्हणजे बाद. पुढे मला कळलं की ते सगळ्यांचेच दाते मोजायचे. करवतीचे, कंगव्याचे, बँकेतल्या साहेबाचे. जन्मभर दाते कापलेला माणूस, त्याला दुसरं दिसायचंच नाही.

मी त्यांच्या हातून पत्रा घेतला. गॅसची बंदूक होतीच, लाल तापवला, पाण्याच्या पिंपात घातला. चर्रर्र! सगळा कारखाना वाफेने भरला. मग लाकडी हातोडा उचलला आणि ठोकला. धप्प. मालक कान लावून ऐकत होते. धप्प, धप्प. कड वळायला लागली तसे ते धावत गेले, एक भलामोठा कागद आणून माझ्यासमोर पसरला, आणि कागदावर, स्वतःच्या छातीवर आणि माझ्या छातीवर थापा मारत ओरडायला लागले, "आप्तो! आप्तो!"

आप्त! परक्या मुलखात, बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच, एक माणूस माझ्या छातीवर हात ठेवून आप्त म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं वाफ गेली, त्यांनी पंखा लावला.

पुढचे पंधरा दिवस मी याच समजात होतो. रोज सकाळी खाली जायचो, ते "आप्तो" म्हणायचे, मीही छातीला हात लावून "आप्त" म्हणायचो. शेवटी मुलाने एकदा ऐकलं आणि जिन्यातच बसून हसला.

"बाबा, आप्तो म्हणजे नातेवाईक नाही हो! एका परदेशी इंजिनिअरच्या नावावरून पडलंय ते. डोंगरावर गाडी घसरू नये म्हणून रुळांच्या मधे दात्यांची पट्टी बसवतात, त्या तऱ्हेला इथे आप्तो म्हणतात."

"बरं. त्यांना सांगू नकोस."

त्याने अर्थातच सांगितलं. मालक हसले नाहीत. दोनदा तो शब्द म्हणवून घेतला आणि वहीत लिहून ठेवला.

मला ते दो-सान म्हणायचे. मला आधी वाटलं हिंदीतलं दो, आणि रागच आला, की मी काय दोन नंबरचा? तर दो म्हणजे त्यांच्याकडे तांबं, आणि सान म्हणजे राव.

त्या कागदावर गाडीचा नकाशा होता. मला नकाशा वाचता येत नाही. पण मधोमध जे होतं ते बघून मी उडालो. पाण्याचं भांडं, त्याच्या पोटातून आरपार नळ्या, एका टोकाला विस्तव, दुसऱ्या टोकाला धुराडं. अहो, हा तर बंब! आमच्या आळीत बापजाद्यांपासून घडवलेला आंघोळीच्या पाण्याचा बंब, फक्त आडवा निजवलेला! मी खडूने जमिनीवर उभा बंब काढला, तोटी काढली, खाली कोळसे काढले, आणि अंगावर पाणी घ्यायची खूण केली. मालक टाळ्या पिटत कारखान्याभर फिरले. त्या संध्याकाळी मला सार्वजनिक स्नानगृहात घेऊन गेले आणि तिथल्या वाफाळलेल्या आरशावर बोटाने बंब काढून सगळ्या नागड्या म्हाताऱ्यांना समजावून सांगितला. म्हातारे माझ्यासमोर वाकून नमस्कार करत होते. मी कुठे बघू?

आता यातली मौज बघा. आमचा कोतो वॉर्ड म्हणजे पाटासारखा सपाट. काही भाग तर नदीच्या पाण्याहून खाली. त्या जागी हा माणूस डोंगराची गाडी करत होता! मालकांना सपाटीचा तिटकाराच होता. "सपाटीवर कुणीही चालतं," म्हणायचे. वॉर्डातले सगळे चढ त्यांना पाठ. कालव्याच्या पुलाचा, गोदामाच्या दाराचा, दवाखान्यात ढकलगाडी चढवतात तो. खिशात पाणसळ असायची, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मला सायकलवर घेऊन निघायचे आणि चढ आला की उतरून गुडघ्यावर बसायचे, पाणसळ ठेवायचे, वहीत आकडा लिहायचे. एकदा पोलिसाने हटकलं. मालकांनी त्यालाच खाली बसवून बुडबुडा दाखवला. पाच मिनिटांनी बघतो तर पोलीस टोपी काढून, गाल रस्त्याला लावून म्हणतोय की थोडा डावीकडे आहे.

आम्ही बोलायचो कसं? ते त्यांच्या भाषेत, मी माझ्या. काही अडायचं नाही. "मालक, हा खिळा आखूड पडतोय." ते त्यांच्यात काहीतरी म्हणायचे आणि लांब खिळा द्यायचे. भांडायचोही. मी "तुमच्या डोक्यात भुसा भरलाय" म्हणायचो, तेही तसंच काही म्हणत असावेत.

पडद्याची गोष्ट मात्र मुलाकडून कळली. मालकांचे वडील घाटातल्या रेल्वेत होते, पडदेवाले. वाफेची दात्यांची गाडी घाटात माणसाच्या चालीने चढायची, आणि बोगद्यामागून बोगदे. धूर मागून गाडीबरोबरच वर चढायचा, इंजिनावरची माणसं गुदमरून बेशुद्ध पडायची. म्हणून प्रत्येक बोगद्याच्या खालच्या तोंडाशी एक माणूस. गाडी आत गेली की त्याने जाड पडदा ओढायचा, म्हणजे खालची हवा तुटते आणि धूर मागे राहतो. जन्मभर वडिलांनी हेच केलं. गाडी आत गेली, पडदा. गाडी आत गेली, पडदा. "ती वर बाहेर पडताना कशी दिसते ते त्यांनी कधीच पाहिलं नाही," मालक म्हणाले. "मी विचारायचो, वर पोचते का? ते म्हणायचे, कुणी परत आलं नाही सांगायला, म्हणजे पोचत असेल." पुढे घाटात वीज आली आणि पडदेवाल्यांचं काम गेलं. मालक तेव्हा चार वर्षांचे.

दात्यांची पट्टीही त्यांनीच कापली होती, सहा वर्षं लागली. एक नव्हे, दोन पट्ट्या शेजारी शेजारी, आणि एकीचे दाते दुसरीच्या खाचांसमोर. का? मालकांनी हाताची बोटं लावून दाखवलं. एक दाता सुटतो तेव्हा दुसऱ्याने धरलेलं असतं. गाडी कधी मोकळी राहतच नाही. मी ते चाक हाताने कितीतरी वेळ फिरवत बसलो होतो. मालकांनी मला चहा आणून दिला आणि त्या दिवशी काही काम सांगितलं नाही.

मी येऊन दोन महिने झाले तेव्हा त्यांच्या छातीतली खराबी निघाली. त्यांची मुलगी ग्योतोकुला राहायची, मेट्रोच्या तोझाई लाईनने यायची, डबे घेऊन. ती दारातच रडकुंडीला आलेली. डॉक्टर म्हणत होते, ताबडतोब भरती व्हा. मालक म्हणत होते, गाडी चढली की.

माझी बायकोही असंच म्हणाली होती. दिवाळी झाली की दाखवते. मी म्हटलं, बरं. चकल्या खाल्ल्या मी त्या दिवाळीत, तिच्या हातच्या, पोटात दुखत असताना केलेल्या. आता या म्हाताऱ्याला काय सांगू, आणि कुठल्या भाषेत? मुलाकरवी सांगितलं, तर मालकांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "मग लवकर ठोक."

म्हणून मी ठोकला! जेवढ्या लवकर बंब, तेवढ्या लवकर दवाखाना. सकाळी सातला खाली, संध्याकाळी अंधारेपर्यंत. बायको गेली तेव्हापासून पडून असलेले हात, पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्या आठवड्यात फोड गेले आणि हात परत माझे झाले. काय सांगू तुम्हाला! तीन आठवड्यांत बंब उभा, म्हणजे आडवा. पाणी भरून पंपाने दाब दिला, काटा चढत गेला, मालक वाकून एकेक सांधा बघत होते, एक थेंब नाही. योशी!

आणि मग मी घाण केली.

गाडीच्या सांगाड्यावर बंब बसवला तर तो वाकडा. मागचं टोक, विस्तवाचं, चार बोटं खाली, आणि धुराडं वर. बूड टेकून बसलेल्या बैलासारखा. मी म्हटलं, मालक, हे चुकलंय, मागची बैठक ठेंगणी झाली. ते हसून काहीतरी म्हणाले. मला वाटलं, हो म्हणाले. आमच्यात बंब ओळंब्यात नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवतं. बायको म्हणायची, तुम्हाला वाकडं दिसलं की हात शिवशिवतो. शिवशिवला. शनिवारी दुपारी मालक तपासणीला गेले असताना मी नवी बैठक ठोकली, चार बोटं उंच, आणि बंब सरळ करून टाकला. वर फडकं झाकलं. म्हटलं, उद्या बघून खूष होतील.

रविवारी नदीच्या बांधावर परवानगी होती. महिन्यातून एकच रविवार देत होते, कागद, शिक्का, सगळं. बांधाच्या गवताळ उतारावर तिरके वीस-बावीस मीटर रूळ टाकले, मधे दात्यांच्या पट्ट्या. गाडी खालून ढकलणार, वर डबा. डब्यात मालक गाडीकडे तोंड करून, म्हणजे विस्तवाचं टोक त्यांच्या हाताशी. मालकांनी पन्नास गोष्टींना बोट दाखवून योशी म्हटलं. गडबडीत फडकं कधी निघालं ते कुणाला कळलं नाही, आणि बंबाची बैठक त्या यादीत नव्हती, कारण ती बदलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

निघाली! कट् कट् कट् कट्. सहा मीटर गेली. मुलगी पदपथावर तोंडावर हात धरून उभी. आणि फुस्सकन सगळं पांढरं झालं. विस्तवाच्या छताला शिशाची एक गुंडी असते. वर पाणी असेल तोवर ती टिकते, छत कोरडं पडलं की वितळते आणि वाफ विस्तवावर पडून तो विझतो. गुंडी गेली होती.

माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. चढावर गाडीचं ते टोक उचललं जातं, पाणी धुराड्याकडे पळतं, आणि छत उघडं पडतं. म्हणून त्यांनी बंब वाकडा बसवला होता, की चढावर तो सरळ होईल. माझा सरळ बंब चढावर वाकडा झाला.

कारखान्यात परत आल्यावर मालक खाली बसले, येताना टाकलेलं फडकं काढलं, ती नवी बैठक पाहिली. हात लावला. मी समोर उभा राहिलो. "मी केलं," म्हटलं, "वाकडं दिसत होतं म्हणून." मुलाने सांगितलं. मालकांनी खिशातून पाणसळ काढली आणि बंबावर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

"मोजून केलं?"

"नजरेने."

त्यांनी पुन्हा बघितलं. मग हसायला लागले! असे हसले की खोकला सुरू झाला, पाठ धरून बसवावं लागलं, आणि तशातही लेकीला खूण करून बोलवत होते की ये, बघ, नजरेने केलंय!

लेक आली नाही. ती मुलाला काहीतरी म्हणाली आणि बाहेर गेली. मी विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही बाबा."

"सांग."

"म्हणाली, आता पुढचा रविवार एका महिन्याने. तुमच्या वडिलांना विचारा, तो महिना कुठून आणायचा."

बरोबर बोलली. मी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दारात थांबलो आणि वाकून माफी मागितली, मराठीत. पुढच्या खेपेला तिने डबा तीन माणसांचा आणला.

विस्तवाचं छत तापून खाली लोंबलं होतं. ते काढून नवं ठोकून मठारलं, पाच दिवसांत. जुनी बैठक लावली, शिशाची नवी गुंडी बसवली. उरलेले दिवस नुसते बसून काढायचे होते. मालक बारीक होत चालले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून छताकडे बघायचे, जसं काही तिथे काम आहे. मी बंबावर हात फिरवत बसायचो. तो आता वाकडा होता आणि मला मेलं ते सहन होत नव्हतं, पण हात मांडीखाली धरून ठेवले.

आणि तो रविवार! आभाळ स्वच्छ, वारा नदीवरून. मालक डब्यात बसले, मला म्हणाले, "दो-सान, बस."

"मी कशाला? वजन होईल."

"वजनच पाहिजे," मुलगा म्हणाला. "रिकामी चढली तर काय चढली, म्हणतायत."

बसलो. पाठीला पाठ लावून. ते खाली गाडीकडे बघत, मी वर आभाळाकडे बघत. लेक बाजूने चालत. यादी सुरू झाली. पाणी, योशी. दाब, योशी. दाते, योशी. या वेळी त्यांनी पुढे वाकून बंबाच्या बैठकीला बोट दाखवलं आणि इतक्या मोठ्याने योशी म्हणाले की बांधावर कुत्रा फिरवणारा माणूस थांबला.

हलली! ढकलल्याचं कळतही नाही, खालून कुणीतरी उचलून घेतं. कट् कट् कट्, दाता दात्यात बसल्याचं माझ्या माकडहाडात कळत होतं. सहा मीटर झाले, ती जागा गेली! धुराचा लोट माझ्या डोक्यावरून वर गेला. मालकांची पाठ माझ्या पाठीला घासत होती, श्वास घेतला की घरघर माझ्याच छातीत व्हायची. "पाणी कुठाय?" मी ओरडलो. "पाणी!" ते त्यांच्यात ओरडले, मला कळलं, मापाच्या काचनळीत पाणी आहे. दहा मीटर. बारा. वाफ चर्चरतेय, मुलगा पळत पळत काहीतरी ओरडतोय. एका ठिकाणी जरा मंदावली आणि मी मराठीत तिला काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. कोळसा, एक फावडं, अजून एक. कट्, कट्. कट् कट् कट्! आणि मग माझ्या डोळ्यांसमोर गवत संपलं आणि नदी आली. केवढी नदी! चार महिने मी त्या बांधाखाली राहिलो, नदी अशी पाहिलीच नव्हती.

"पोचलो!" मी ओरडलो. "मालक, वर पोचलो, इकडे बघा!"

ते वळले नाहीत. ते गाडीकडेच बघत होते, ती वर बाहेर पडताना. नंतर कितीतरी वेळ.

लेक रडत होती आणि हसत होती आणि माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती.

मग उतरवली, रूळ काढले, हातगाडीवर घातले, घरी आलो, राख काढली. पुढचं सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खाली टॅक्सी उभी होती. लेकीने बॅग आत ठेवली होती. मी जिना उतरलो तर मालक कोट घालून रस्त्यात उभे, पण टॅक्सीत बसत नव्हते. कुणाची तरी वाट बघत होते. लेक घड्याळ दाखवत होती. "ओतोसान," ती बाबांना हाक मारत होती, "चला." ते हात वर करून थांब म्हणायचे.

शेवटी एक छोटा ट्रक आला. त्यातून दोघांनी तांब्याचा पत्रा उतरवला. नवा, अख्खा, माणसाएवढा, सकाळच्या उन्हात डोळे दिपवत होता. म्हाताऱ्याने तो कधी मागवून ठेवला होता कुणास ठाऊक! कारखान्यात जमिनीवर निजवला. मालक कोटासकट गुडघ्यावर बसले, बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं, ऐकलं, आणि माझा कान धरून खाली नेला, तू ऐक. मग खडूने मोठं वर्तुळ काढलं, पहिल्या बंबाच्या दीडपट. शेजारी त्याच्या मापाचा आकडा लिहिला. मुलाला काहीतरी सांगितलं.

"बाबा, म्हणतायत की तुम्ही सुरुवात करा. दाते ते आल्यावर कापतील."

मी लेकीकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, पडदा हातात धरून. तिने मान खाली घातली.

मालक टॅक्सीत बसले. दार लागलं. टॅक्सी निघाली, दहा-पंधरा पावलं गेली आणि थांबली. दार पुन्हा उघडलं. म्हातारा उतरला, लेक आतून हाका मारतेय, तो धापा टाकत चालत परत आला, माझ्याशेजारून आत गेला, खाली बसला, कोटाच्या बाहीने तो आकडा पुसला आणि त्या जागी त्याहून मोठा लिहिला.